मढ्याले सोनेरी रंग

सिनेमा दोन तासांत संपतो हो, पण तो पाहणाऱ्यांचे किस्से संपत नाहीत. आमच्या अमरावतीच्या सिनेमा ग्रुपमध्ये एकाच सिनेमाचे इतके किस्से जमलेत, की तो सिनेमा नेमका काय होता हेच मला अजून कळलेलं नाही. आणि निवडला मीच होता!

आम्ही वीसेक जण महिन्यातल्या एका रविवारी सकाळी एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये जमायचो. प्रोजेक्टर, पडदा, मध्ये चहा. मी नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यात सुपरवायझर; सिनेमातलं मला फार कळतं असं नाही. पोस्टरवर बँडवाले दिसले, म्हटलं कॉमेडी असेल.

गोष्ट अशी. गावात मंत्री येणार असतो आणि भर चौकात एक माणूस मरून पडलेला असतो. त्याला उचलायचं कोणी, यावर नगरपालिका आणि पोलिसांची जुंपते. मंत्र्याची गाडी जवळ येते. शेवटी एक साहेब ओरडतो, "याला बसवा आणि सोनेरी रंग द्या!" मंत्री उतरतो, पुतळा समजून हार घालतो, भाषण ठोकतो. आणि पुतळ्याच्या उघड्या डोळ्यावर एक माशी येऊन बसते.

आम्ही आधी किंचाळलो, मग पोट धरधरून हसलो. का हसलो, ते विचारू नका.

*

सलीमभाई मात्र मध्येच उठून गेले. सलीमभाई म्हणजे आमच्या भागातले जुने पेंटर. अर्ध्या बाजाराच्या पाट्या त्यांच्या हातच्या. मला वाटलं, भावना दुखावल्या. मी मागे धावलो.

"काय झालं, भाई?"

"रंग चूक हाय."

"म्हणजे?"

"ऑइल पेंट अंगावर असा बसतच नाही, भाऊ! प्रायमर नाही, काही नाही. लोकायले येडं समजून राहिले का?"

मी हसत हसत परत आलो. ते काही आले नाहीत.

आठ दिवसांनी त्यांच्या दुकानात गेलो, तर ब्रश धूत बसले होते. मी न विचारताच बोलले, "एक डाव कोनी मोठे साहेब येणार होते. सरकारी भिंत रंगवाची अर्जंट ऑर्डर. भिंतीले टेकून एक म्हातारा बसला होता. उठूनच नाही राहिला. मंग मी त्याच्या आजूबाजूनं रंग मारला."

"मग?"

"मंग काय! ठेकेदार म्हणे, येवढी जागा काहून सोडली?"

"आणि म्हातारा?"

"मी चहा पिऊन आलो तं तो तिथं नव्हता. मले मालूम नाही कुठं गेला." त्यांनी ब्रश झटकला. "ती जागा मारली मी. प्रायमर लावून मारली."

*

सिनेमानंतर चर्चा असते. त्या रविवारीही झाली. देशमुख सर, म्हणजे वनस्पतीशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, वही उघडून उभे राहिले. "सोनेरी रंग म्हणजे सत्ता. हार म्हणजे व्यवस्था. आणि माशी म्हणजे सत्य!" आम्ही माना डोलावल्या. माशी सत्य कशी, हे मला कळलं नाही, पण मीही डोलावली.

इंदूताई अकोल्याहून खास रेल्वेनं यायच्या. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. त्यांनी विचारलं, "सर, त्या मेलेल्या मानसाचं नाव काय होतं?"

"नावच नाही, ताई! तेच तर दिग्दर्शकाला सांगायचंय. तो कोणीही असू शकतो."

"नाव हाय. त्याची बायको गर्दीतून हाक मारते."

कोणीच ऐकली नव्हती. शेवटी सीन परत लावला. मंत्र्याचं भाषण सुरू असताना गर्दीच्या मागून एक बाई हाक मारते, "मनोहर!" एकदा नाही, दोनदा. चांगलं स्पष्ट. त्या वेळी आम्ही हसत होतो.

"तुम्हाला कसं ऐकू आलं?" मी विचारलं.

"वॉर्डात जिंदगी गेली, भाऊ. घरचं मानूस हाक मारते तवा आवाज निराळा असते."

सरांनी पेन काढलं. "मनोहर! वा! म्हणजे मन हरण करणारा…"

"सर," इंदूताई म्हणाल्या, "राहू द्या."

*

घरी जेवताना बायकोला सगळी गोष्ट सांगितली, माशीसकट. तिनं शांतपणे ऐकून घेतली आणि पोळी वाढत म्हणाली, "यात सिनेमा कोनता? हे तं पेपरात येते."

*

मग क्लासचे सर भडकले. हॉल त्यांचाच. "असे घानेरडे सिनेमे माह्या हॉलमध्ये? पालकायले समजलं तं अ‍ॅडमिशन जातील माह्या!"

मी म्हटलं, "सर, तुम्ही पाहिला का पण?"

"पाहिला नं! दोन डाव पाहिला!"

हॉल गेला. ग्रुपवर भांडणं सुरू झाली. निम्मे म्हणाले, ग्रुप बंद करा. निम्मे म्हणाले, सिनेमा निवडणाऱ्याला बंद करा. इंदूताईंनी एकच मेसेज टाकला, "अकोल्याले या. आमच्या कॉलनीत हॉल हाय. तोच सिनेमा परत पाहू."

*

गेलो. फक्त सात जण गेलो, पण सलीमभाई होते. कॉलनीतली तीस-चाळीस माणसं आली होती. सुरुवातीला दोन शब्द बोलायला मला उभं केलं. विनोदी आहे म्हणावं की दुःखी, ते सुचेना. "पाहा," एवढंच म्हणून बसलो.

हार घालायचा सीन आला. हॉल हसायला लागला. तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत उठले. पायातल्या चपला काढून बाजूला सरकवल्या आणि हात जोडून उभे राहिले.

"ओ आजोबा, खाली बसा नं! दिसून नाही राहिलं!"

आजोबा हलले नाहीत. बाजूच्या इंदूताई उठल्या. मग सलीमभाई. मागच्यांना वाटलं राष्ट्रगीत आहे, तेही उठले. देशमुख सर इकडेतिकडे पाहत सगळ्यांत शेवटी उठले. सिनेमा बंद करावा की चालू ठेवावा, मला कळेना. माझं बोट लॅपटॉपवर तसंच राहिलं. मंत्री बोलत होता आणि चाळीस माणसं न हसता उभी होती.

दिवे लागल्यावर मी आजोबांजवळ गेलो. "आजोबा, तुम्ही उभे काहून राहिले?"

ते चपला घालत होते. माझ्याकडे वर पाहून म्हणाले,

"समोर मानूस मेलेला होता नं, बाप्पा. तुमी बसून काहून होते?"