मजुरांतर्फे मी उर्दू बोललो

हसायचं असंल तर आधीच हसून घ्या. मधी कोणी दात काढले तर मी उठून जाईन. मला आजबी त्या गोष्टीचा राग येतो. दुसऱ्या कोणाचा न्हाई, माझाच!

निजामाच्या राज्यातली गोष्ट. गावाचं नाव सांगत न्हाई, तिथं मला वळखणारे अजून जिवंत हायत. मी दुबलगुंडीहून तिथं कामाला गेलो होतो. काम बलदियाचं, म्हंजे नगरपालिकेचं. पण बलदिया आमाला कशाला वळखती? मधी गुत्तेदार, कामाचा ठेका घेतलेला! रस्ते झाडणाऱ्या बाया, खडी फोडणारे, गटारीला दगड बसवणारा मी, सगळे त्याच्या हाताखाली. तो देईल ती मजुरी. तोंड उघडलं की, "उद्यापून येऊ नको."

अशात बलदियाला नवे सदरसाहेब, म्हंजे अध्यक्ष, आले. भला माणूस. म्हणाले, शहराचं काम करणाऱ्याला पोटापुरतं मिळालंच पायजे, तसा कायदाच करू. सभा ठेवली. आमाला सांगावा आला, मजुरांतर्फे एकानं येऊन बोलावं.

आता जाणार कोण? कचेरीचा सगळा कारभार उर्दूत. झाडूवाली नागव्वा म्हणाली, "मी जाते की अण्णा. वकिलाच्या घरी बारा वर्सं भांडी घासल्यात. उर्दू समदं कळतंय मला."

"गप बस अक्का! कचेरी म्हंजे भांडी घासायची जागा हाय व्हय? मी उर्दू शिकलोय."

किती शिकलो होतो? पयली, ती बी अर्धी! मास्तरनं छडी काढली आन मी खिडकीतून उडी टाकली. पण चारचौघांत असलं कोण सांगतंय?

सभेच्या दिवशी मी फेटा बांधून आत. बाकीचे सगळे दाराशी, नागव्वा सगळ्यांच्या पुढं. तासभर गुत्तेदार घाम पुसत भांडायला, "साहेब, मर जाऊंगा मैं!" सदरसाहेब काही ऐकंनात. शेवटी त्यांनी कागद उचलला आन वाचलं, "कम अज कम छे आने रोज."

माझे कान उभे राहिले. काय म्हणाला? कम? आज कम?

वा रे भला माणूस! पोटापुरतं देतो म्हणून बोलावलं आन आज कम! आजच कम तर उद्या काय, फुटाणे देणार? मी ताडकन उठलो.

"साहेब, कम नक्को!"

सदरसाहेबांनी चष्मा काढला. "क्या नक्को?"

"कम नक्को! आज बी नक्को, कल बी नक्को!"

"मियाँ, ये लफ्ज तुम्हारे फायदे का है."

"फायदा तुमारा! हमना ज्यादा होना!"

दारात नागव्वा दोन्ही हात हलवायली. मला वाटलं, शाबासकी द्यायली. मग तर माझ्या अंगात आलं!

तेवढ्यात गुत्तेदार उठला. ज्यानं मला कधी पाणी इचारलं न्हाई, त्यानं स्वतःची खुर्ची माझ्याकडं सरकवली. "बसा अण्णा, बसा. साहेब, गरिबाचं ऐका की! अण्णाला 'कम' नको, 'ज्यादा' पायजे. मग 'कम अज कम' काढा आन 'ज्यादा से ज्यादा' लिवा. माझी कायबी हरकत न्हाई."

ज्यादा! वर आणखी एक ज्यादा! मला तर गहिवरून आलं.

नागव्वा दारातून कानडीत वरडली, "बेडा अण्णा, बेडा!" नको, नको म्हणायली. मी म्हटलं, बघा, मला खुर्ची मिळाली तर जळायली! मी आणखी ऐसपैस बसलो.

सदरसाहेबांनी तीनदा इचारलं, "मंजूर?" मी निकाहातल्या नवरदेवावानी तिन्ही बार म्हणालो, "मंजूर!" त्यांनी कपाळाला हात लावला. मेंबर लोकांनी पटापट हात वर केले. मजूरच मागायलाय म्हटल्यावर ते कशाला नको म्हणतील?

छाती फुगवून भायेर आलो. नागव्वानं फेटाच धरला.

"काय केलास रे मुडद्या!"

"काय केलं म्हंजे? ज्यादा केलं!"

"कम अज कम म्हंजे निदान! सहाच्या खाली कोणाला देता आलं नसतं. आमच्या चार आण्याचे सहा झाले असते. आन तुझं ज्यादा से ज्यादा म्हंजे सहाच्या वर द्यायचंच न्हाई. खाली चार देऊ दे, न्हाईतर दोन!"

"मग आधी कामून सांगितली न्हाईस?"

"हात हलवून हलवून खांदा निखळला की माझा!"

तसाच मागं पळालो. शिपायानं दार अडवलं. म्हणाला, "एकदा म्हणाला असताव तर चुकून म्हणालाव म्हटलं असतं. तीनदा कोण चुकतंय?"

बाजाराच्या दिवशी मजुरी वाटली. चारवाल्याला चार, पाचवाल्याला पाच. एवढा मोठा कायदा झाला, पण कोणाचा एक पैसा वाढला न्हाई. बाया माझ्याकडं बघंनात.

फरक पडला तो एकट्या माणसाला. दगडाचा कारागीर म्हणून सात आणे घेणारा सगळ्या टोळीत मीच होतो. गुत्तेदारानं माझ्या हातावर सहा ठेवले आन हात जोडून म्हणाला, "अण्णा, तुमाला सात द्यायची माझी लई इच्छा हाय. पण काय करू? कायदा आडवा आला!"