माल्टाच्या देवीची ओटी

आमची ही अंगानं भरलेली. मी तिला रणगाडा म्हणायचो आणि शिव्या खायचो. एकदा मुलीनं माल्टा बेटाचं माहितीपत्रक आणलं. त्यात एका दगडी देवीचा फोटो होता, मांड्या म्हणजे जात्याचे दगड. हिनं तो कापून विलायतेतल्या आमच्या हॅरोच्या घरी फ्रिजवर चिकटवला. म्हणाली, "बघा, हजारो वर्षांपूर्वी लोक हिच्या पाया पडायचे." देवीची ओटी भरायला हिरवा खण काढून ठेवला. खण राहिला, ती गेली.

मला एकट्याला कुठली हौस? पण मुलगी म्हणाली, आईचं काम राहिलंय. मग नारळ-तांदूळ घेऊन आम्ही दोघं निघालो.

बेट झकास. समुद्राचं पाणी कपड्यांना घालायच्या निळीसारखं. रस्त्याकडेला निवडुंग, बोंडांनी लगडलेले. लहानपणी माळावर खायचो तसं एक बोंड तोडून खाल्लं. दुपारभर मुलगी माझ्या बोटांतली कुसं काढत होती, मी मात्र खूश.

दुसऱ्या दिवशी देवळात गेलो. छप्पर नाही, नुसते हत्तीएवढे दगड. बूट बाहेर काढले, तळपाय भाजले. देवीचा कमरेखालचाच भाग उरलेला.

मी म्हणालो, "तुझ्या आईचा ऐवज तेवढा शाबूत आहे."

मुलगी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. तिची आई गेल्यापासून तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

ओटी सवाष्णीनं भरायची, म्हणून मुलीनं देवीभोवतीच्या दोरीपलीकडे खण नि तांदूळ ठेवले. मी नारळ उचलला आणि तिथल्याच दगडावर आपटणार, तोच राखणदार बाई धावत आली. तीही देवीच्याच बांध्याची. नारळ तिनं हातातून हिसकावला.

मुलीनं तिला इंग्रजीत सगळं सांगितलं, रणगाड्यासकट. बाईनं माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं. इथं काही ठेवता येणार नाही, म्हणाली. माझा चेहरा पडला. एवढं येऊन हिचं काम अर्धंच राहणार.

मुलीनं तिला विचारलं, तुमचं लग्न झालंय का? झालं होतं, तीन पोरंही होती. मग बाहेर झाडाखाली बाईनं आपल्या सदऱ्याचा घोळ पुढे धरला, आणि मुलीनं तिचीच ओटी भरली. नारळ मी फूटपाथच्या कडेला फोडला. तिघांनी खाल्ला, बाईनं सगळ्यात जास्त.

तिनं खण छातीला लावून पाहिला आणि मान हलवली. ब्लाउज व्हायचा नाही. मी म्हणालो, "आमच्या हिलाही कधी एक खण पुरला नाही."

मुलीनं ते इंग्रजीत सांगितलं. बाई हसता हसता झाडाला टेकली, आणि मीही.