पहिल्या रविवारी धारवाडला

या वेळी किल्ला नाही, धबधबा नाही, समुद्र तर नाहीच. नेहमीच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं. मी माहेरी जाऊन आले आणि त्याचंच प्रवासवर्णन लिहितेय.

निमित्त अप्पांच्या फोनचं. अप्पा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, गणिताचे निवृत्त मास्तर, आणि धारवाडच्या आमच्या चर्चच्या कारभारी मंडळातले सगळ्यांत ज्येष्ठ. फोनवर ते तारेसारखं बोलतात. “फेब्रुवारीत येऊन जा गं. पहिल्या रविवारी आलीस तर बरं.” संपला फोन.

पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरी म्हणून पावाचा एक तुकडा आणि इवल्याशा पेल्यात द्राक्षरस, प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून. मी १९९३ साली मिलिंदशी रजिस्टर लग्न केलं. मिलिंद हुबळीचा, बौद्ध घरातला. चर्चच्या मंडळीबाहेर, पाळकांच्या म्हणजे धर्मगुरूंच्या आशीर्वादाशिवाय लग्न केलं तर प्रभुभोजनातून नाव वगळायचं असा नियम होता. माझं नाव वगळलं गेलं, आणि तो ठराव मंडळीसमोर अप्पांनीच वाचून दाखवला. त्यानंतर नाताळला फोन, ईस्टरला फोन, बाकी काही नाही. पुण्यातही चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर बसते आणि ताट फिरायला लागलं की उठून बाहेर येते. इथं मला कुणी अडवलेलं नाही. पण जिथून काढलं तिथूनच परत मिळावं, हा माझा हट्ट. चौदा वर्षं झाली त्याला.

मिलिंदला म्हटलं, बोलावलंय. तो म्हणाला, “पहिल्या रविवारी म्हणालेत ना? मग जा की. बॅग मी भरतो.”

पुणे ते धारवाड महामार्ग आता झकास झालाय. घाई असेल तर सरळ गाडीनं जा, आठ तासांत पोचाल. मला मात्र पोचायची भीती वाटत होती, म्हणून मी लांबचा रस्ता धरला. शुक्रवारी एसटीनं बेळगाव, मैत्रिणीकडे मुक्काम आणि शनिवारी सकाळी पॅसेंजर. खानापूर सुटलं की झाडी दाट होत जाते, लोंढ्याला गाडी निवांत थांबते, आणि पुढं अळणावरपर्यंत खिडकीबाहेर नुसतं जंगल. फलाटांवर लाकडाचे ओंडके रचलेले दिसतात, त्यांचा ओला वास डब्यात येतो. खिडकीची जागा पकडा आणि पाणी बरोबर ठेवा.

अळणावरला एक आजोबा समोर येऊन बसले. त्यांनी पिशवीतला चुरमुऱ्यांचा चिवडा माझ्यापुढं धरला.

“धारवाडला कुणाकडं म्हणायचं?”

“वडिलांकडे,” मी म्हटलं.

“वा वा. मग काय, चैन आहे की तुमची!”

मी सुभाष रोडजवळच्या लॉजवर खोली सांगून ठेवली होती, हे त्यांना कसं सांगणार? अप्पा ‘येऊन जा’ म्हणाले होते, ‘घरी ये’ म्हणाले नव्हते. अशा शब्दांचा कीस काढायला मी त्यांच्याकडूनच शिकले.

लॉज स्वच्छ होता, अडीचशे रुपये, गरम पाणी सकाळी आठपर्यंत. सुभाष रोडवर दुपारी गिरमिट खाल्लं. चुरमुऱ्याचा हा मसालेदार, ओलसर प्रकार मिरची भज्यांबरोबरच खायचा, नाहीतर खाऊच नये. पेढे घ्यायचे तर ताजे आल्यावर, तासभर थांबायची तयारी ठेवून. पेढ्याच्या रांगेत उभी असताना लक्षात आलं, की मी फक्त वेळ काढतेय. मग रिक्षा केली आणि चर्चला गेले.

तिथं मागच्या खोलीत एस्तरअक्का बसली होती. तिला ओळखत नाही असं धारवाडात आमच्यापैकी कुणी नाही. चाळीस वर्षं प्रभुभोजनाचा पाव तीच कापते आणि पेले तीच धुते.

“कोण, सुनंदा? बा वा, ओळग बा!” तिनं मला आत ओढलंच. “ऊटा आत एन? जेवलीस की नाही?”

जेवले म्हटलं. ती पावाच्या कडा काढत होती, मी शेजारी बसून चौकोन कापायला लागले. लहानपणी हे काम मला मिळावं म्हणून मी भांडायची. मग खाली बघतच म्हणाली, “एक सांगतो बघ तुला. तुझ्या अप्पांचा पेला भरलेलाच परत येतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? सगळ्यांना वाटतात, शेवटी आपला घ्यायचा तर घेत नाहीत. तू गेल्यापासनं. दोन पाळक बदलले, कुणाला पत्ता नाही. पेले मी धुतो, मला कळतं की.”

माझ्या हातातली सुरी थांबली. चौदा वर्षं मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. रविवार आला की मला दिसायचे ते पुढं उभे असलेले, तृप्त, आपलं सगळं बिनचूक असलेले. आणि हा माणूस दर महिन्याला ताट हातात धरून उपाशी राहत होता.

नवे पाळक तिथंच भेटले. तरुण आहेत, मृदू बोलतात. ते म्हणाले, “ताई, नियम मी केलेला नाही. पण वाट आहे. झाल्या गोष्टीचा पश्चात्ताप आहे, अशी एक ओळ लिहून द्या. उद्याच नाव परत यादीत घेतो.” त्यांनी कागदही दिला.

एक ओळ. मी लॉजवर आले, चहा मागवला आणि लिहून टाकली. खोटं सांगत नाही, खाडाखोडसुद्धा केली नाही. मला तो घास इतका हवा होता. अप्पांनी ताट पुढं करावं, मी उचलावं, मग त्यांनीही उचलावं. बस. एवढ्यासाठी एका ओळीचं काय?

रविवारी सकाळी आठला दारावर टकटक. अप्पा. पांढरा शर्ट, काखेत छत्री, एस्तरअक्काकडून पत्ता घेऊन चालत आलेले. किती लहान दिसत होते! काही बोलायच्या आत त्यांचं लक्ष टेबलावरच्या कागदाकडे गेलं. चष्मा लावून त्यांनी ती ओळ वाचली, पेपर तपासायचे तशीच.

“हे खरं आहे का गं?”

“नाही.”

“मिलिंद चांगला वागवतो?”

चौदा वर्षांत त्यांच्या तोंडून त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं. “खूप चांगला, अप्पा.”

“मग पश्चात्ताप कशाचा लिहिलीस?”

“मला आत यायचंय, अप्पा,” मी म्हटलं, आणि रडायला लागले.

ते खुर्चीवर बसले. संडेस्कूलमध्ये हेच अप्पा आम्हाला शिकवायचे, नियमशास्त्र दुखणं दाखवतं, बरं करत नाही. माणूस तरतो तो विश्वासानं, तेही कृपेनं, फुकट. वर्गात असं शिकवायचे आणि रविवारी विश्रांतीच्या नियमानं घरात चूल पेटू द्यायचे नाहीत. मी ते बोलून दाखवलं.

“हो की. शिकवणं सोपं असतंय.” त्यांनी कागदाची घडी केली. “नियमानं तुला बाहेर काढायला मला पाच मिनिटं लागली. त्याच नियमानं आत आणता येतंय का, हे चौदा वर्षं बघतोय. येत नाही. त्याच्यात ती ताकदच नाही. मी बोलावलो तुला, मला वाटलं पाळकांना सांगून ठराव मागं घ्यायला लावीन. मंडळ बसलं काल. नाही म्हणाले.” घडी त्यांनी खिशात घातली. “पण खोटं लिहून येऊ नकोस. देवाला खोट्यानं काय करायचंय? तू तशीच थांब. मी पण थांबतो.”

“किती दिवस?”

“ते मला ठाऊक नाही, बाळ.”

आमच्या चर्चमध्ये पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. मी डावीकडच्या शेवटच्या बाकावर बसले. उपासना कन्नडमधून, गीतं तीच, पेटीचा सूर तोच किंचित उतरलेला. पाळकांनी पाव मोडला. अप्पा उठले, ताट घेतलं, आणि शेजारच्या गृहस्थांच्या हातात दिलं. मग मधल्या वाटेनं चालत मागं आले. सगळं चर्च वळून बघतंय, आणि ते बायकांच्या बाजूला, माझ्या बाकावर, माझ्या शेजारी येऊन बसले. लोक पुढं गेले, परत आले. आम्ही दोघं बसून होतो. पुढं जायची ओढ पोटातून उठत होती, आणि शेजारी त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी उठून बाहेर गेले नाही.

दुपारी त्यांच्या घरी जेवले. रविवारची चूल अजून बंदच असते. शनिवारीच करून ठेवलेल्या कडक ज्वारीच्या भाकरी, शेंगाचटणी, दही. धारवाडला गेलात तर हे जेवण कुणाच्या तरी घरीच जेवा, खानावळीत ती चव नाही. सोमवारी सकाळी अप्पा मला हुबळीच्या स्टँडवर सोडायला सिटी बसनं आले, आणि पुण्याची गाडी लागेपर्यंत मिलिंदची नोकरी, पगार, रक्तदाब, सगळं विचारून घेतलं.

प्रवास म्हणून विचाराल तर अळणावरची झाडी जरूर बघा, गिरमिट खा, फेब्रुवारी उत्तम. माझ्यापुरतं म्हणाल तर हवं होतं ते मिळालं नाही. ठराव तसाच आहे. पुढचा पहिला रविवार येईल तेव्हा धारवाडला अप्पा मागच्या बाकावर बसलेले असतील आणि पुण्याला मी. भूक तशीच आहे, उलट वाढलीय. पूर्वी मला वाटायचं, विश्वास म्हणजे ती भागणं. आता तसं वाटत नाही.

घरी आले तेव्हा मिलिंद दारातच उभा होता. बॅग घेत म्हणाला, “दिलं का त्यांनी?”

“नाही.”

त्याचा चेहरा पडला. “म्हणजे, तू पुढं गेलीस तरी नाही दिलं?”

“मी गेलेच नाही पुढं,” मी म्हटलं. “अप्पा मागं आले.”