गिअर फक्त काकांनाच पडायचा

लॉन्ड्रीची ती जुनी व्हॅन कुणाच्या बापाचं ऐकत नसे. गिअरचा दांडा इतका सैल, की डाव घेऊन पातेल्यात ढवळावं तसा चहूकडे फिरायचा. पहिला टाकायला जावं तर तिसरा पडे, आणि रिव्हर्स तर आपल्या मर्जीचा मालक. ऐकायची ती एका काकांचं. काका म्हणजे लॉन्ड्रीचे जुने ड्रायव्हर. दांडा जरा आपल्याकडे ओढायचा, किंचित उचलायचा, तळव्याला खट्ट लागलं की क्लच सोडायचा. हे त्यांनी कुणाला शिकवलं नाही. विचारलंच कुणी, तर म्हणायचे, हाताला कळतं, तोंडाने सांगता येत नाही. खरं तर तोंडाने अगदी व्यवस्थित सांगता आलं असतं, पण सांगतील ते काका कसले!

नोकरी तशी संपली होती. चादरींची गाठोडी पोचवायला मालकीणबाईंनी नवी गाडी घेतली, तिच्यावर नवा ड्रायव्हर ठेवला आणि काकांना मनगटी घड्याळ देऊन निरोप दिला. जुनी व्हॅन घरच्या कामाला राहिली. आणि गंमत बघा, तिच्यापायी काकाही राहिले. मालकीणबाईंच्या सासूबाईंना, म्हणजे आजींना, डॉक्टरकडे न्यायचंय, लेकीला स्टेशनवर सोडायचंय, की काकांना फोन यायचाच. काका इस्त्रीचा शर्ट घालून तयार असायचे. काम उरकलं की मालकीणबाई जेवूनच जा म्हणायच्या. मग आजींच्या शेजारची खुर्ची, गरम जेवण, आजींची तीच ती कुरकुर आणि लेकीची टिंगल. बायको गेल्यापासून काकांच्या खोलीत बोलायला काळं कुत्रं नव्हतं. फोन आला नाही, तर आठवडा आठवडा त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येत नसे.

गॅरेजवाला त्यांचा जुना दोस्त. त्याने एकदा गाडीखाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, काही नाही रे, दांड्याच्या तळाशी प्लास्टिकच्या कड्यासारखा बुश असतो, तो झिजून भुगा झालाय, चहा निवायच्या आत बदलून देतो. काकांनी राहू दे म्हणून हात झटकले. दोस्ताने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"गरज सरो, वैद्य मरो. होय ना?"

काकांनी विषय बदलला.

आणि एका सकाळी आजी न्हाणीघरात घसरल्या. काका तेव्हा केस कापून घेत होते, फोन खोलीवरच राहिलेला. मालकीणबाई दुकानात, घरात लेक एकटी. पोरीकडे लायसन्स होतं आणि हिंमतही होती. शेजाऱ्यांना हाक मारून तिने आजींना मागच्या सीटवर निजवलं, गाडी चालू केली. पण पुढचा गिअर पडेच ना. गाडी आपली मागे मागे. फाटकाच्या खांबाला धडकली तेव्हा आजी किंचाळल्या. शेवटी रडत रडत तिने रस्त्यावरचा टेम्पो थांबवला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. काका धापा टाकत दवाखान्यात पोचले, तर पोरगी दारातच उभी होती. आता ही आपल्याला फाडून खाणार, असं त्यांना वाटलं. पण कुणी बोल लावला नाही. तुमची काय चूक, गाडीच तसली, असं मालकीणबाईंनीच उलट त्यांना समजावलं. शिव्या परवडल्या असत्या. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते दोस्ताकडून बुश घेऊन आले. दोस्त येतो म्हणाला, पण त्यांनी त्याला येऊ दिलं नाही. गाडी जॅकवर घेतली, ठोकळे लावले, पाठीखाली पोतं घालून आत सरकले. क्लिप काढून दांड्याला जोडलेली सळई सुटी केली, तसे जुन्या बुशचे तुकडे त्यांच्या तोंडावर पडले. नवा बुश ग्रीस लावून दाबून बसवला. वर येऊन दांडा हलवून पाहिला. जिथे टाकावा तिथे गपगुमान पडत होता. काम चोख झालं होतं, आणि काकांना फार वाईट वाटलं.

मग त्यांनी पोरीला स्टिअरिंगवर बसवलं. तिने बाजारापर्यंत चक्कर मारली, चौकात गाडी वळवली आणि खांबाला न लावता फाटकात रिव्हर्स घेतली.

"काका, अहो किती सोपं आहे! एवढंसंच काम होतं, तर आधी का नाही केलंत?"

काकांच्या जिभेवर दहा थापा आल्या. पण त्यांना आता खोटं बोलण्याचाही कंटाळा आला होता.

"मग तुम्ही मला बोलावलं असतं का गं?"

पोरगी खळखळून हसली. आजी पडल्यापासून पहिल्यांदाच हसली. काका नेहमीसारखी थट्टा करतायत, असं तिला वाटलं. काय हो काका तुम्ही, म्हणत ती आतून आजींचा डबा घेऊन आली आणि एकटीच गाडी घेऊन दवाखान्याकडे निघाली. घरात फाटक लावायला कुणी नव्हतं. काकांनीच ते बाहेरून लावून घेतलं.