साहेबांची सीट

गल्लीतले सगळे त्यांना गाडीवाले काका म्हणत. काकूंना या नावाचं फार हसू यायचं. "गाडीवाले म्हणे," त्या म्हणायच्या, "घरात सायकलसुद्धा नाही, आणि नाव बघा."

पण नाव तसं खोटं नव्हतं. काकांचा उभा जन्म गाडीत गेला होता, गाडी तेवढी दुसऱ्याची असायची. विशीत त्यांनी पहिल्या साहेबांसाठी मागचं दार उघडलं आणि डोकं आपटू नये म्हणून वरच्या कडेला हात धरला. तो हात साठी उलटेपर्यंत तिथंच राहिला. दार उघडलं की हात वर जायचा. घरातल्या कपाटाचं दार उघडतानाही जायचा.

माणसं त्यांनी आरशात ओळखली. डोळ्यांसमोरच्या छोट्या आरशात मागच्या सीटवरचा चेहरा दिसला की साहेब आज कोर्टात जिंकले की हरले ते त्यांना कळायचं. गाडी आतून कशी असावी याबद्दलही प्रत्येक मालकाचं आपलं एक खूळ होतं. वकीलसाहेबांना सीटवर पांढरे टॉवेल लागत, रोज धुतलेले. गिरणीच्या मालकांनी नव्या सीटवरचं प्लॅस्टिक गाडी विकेपर्यंत काढू दिलं नाही. उन्हाळ्यात त्यांची पॅन्ट त्याला चिकटायची, उठताना चर्रर्र आवाज यायचा आणि काका गंभीर चेहऱ्याने समोर बघत राहायचे. डॉक्टरीणबाईंना काहीच नको होतं, फक्त पर्स अडकवायला एक हुक. हे सगळं बघता बघता काकांनी मनातल्या मनात आपलीही एक गाडी सजवून ठेवली होती. आतून फिकट रंगाची. कापडी सीट, मोठ्या काचा, मागे पाय लांब करायला ऐसपैस जागा. त्या मागच्या सीटवर काकू बसलेल्या असायच्या.

खऱ्या आयुष्यात काकू त्यांच्या गाडीत एकदाही बसल्या नव्हत्या. मालकाच्या गाडीत घरच्यांना घ्यायचं नाही, हा काकांचा नेम. एकदा काकू जड पिशव्या घेऊन चौकात उभ्या होत्या आणि काका रिकामी गाडी घेऊन समोरून गेले. हात हलवला, थांबले नाहीत. तो हललेला हात काकूंनी पुढे तीस वर्षं अधूनमधून वापरला. भाजीत मीठ कमी म्हटलं की काकू नुसता हात हलवून दाखवायच्या. काका गप्प जेवायचे.

आता काका निवृत्त झाले होते, हातात रक्कम होती, आणि गाडी घेण्याला एक कारणही होतं. एकुलती एक मुलगी डोंगरातल्या गावी दिली होती. वळणावळणाचा दिवसभराचा रस्ता. तिच्या लग्नानंतर काकू एकदा बसने निघाल्या, अर्ध्या वाटेतून परत आल्या. काकूंना गाडी लागायची. मग काकांनी त्यांना भाड्याची गाडी करून दिली. स्वतः मात्र साहेबांना घेऊन दुसऱ्याच गावाला गेले होते. ती गाडी आतून अस्वलाच्या गुहेसारखी काळी, वर वासाची कुपी टांगलेली. काकू तिसऱ्या वळणावर उतरल्या त्या परत चढल्याच नाहीत. मुलीच्या लग्नाला पाच वर्षं झाली तरी आईने तिचं घर पाहिलं नव्हतं. दर वेळी मुलगीच यायची.

या वेळी तिला येता येणार नव्हतं. दिवस गेले होते, आणि डॉक्टरांनी अंथरुणावरून हलायचं नाही म्हणून बजावलं होतं. फोनवर ती नेहमीसारखी हसत बोलली, पण फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आई, तू आली असतीस तर..." आणि वाक्य तिथंच राहिलं.

काकूंनी त्या दिवशी दोन वेळा भांडी घासली. मग काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "चालत जाते मी," त्या म्हणाल्या.

"चालत कशाला? गाडी घेऊ. काळी गाडी नाही, वासाची नाही. आतून उजेड असलेली. माझ्या गाडीत तुला लागणार नाही."

काका दुसऱ्याच दिवशी शोरूममध्ये गेले. पूर्वी साहेबांबरोबर जायचे तेव्हा विकणारे लोक थंड सरबताचे ग्लास घेऊन मागे धावायचे. आता भल्यामोठ्या चकचकीत दालनात एकच गाडी उभी होती, आणि तीही विकायची नव्हती. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी फोनवर बोलत होती. ते संपवून तिने काकांकडे पाहिलं.

"आतून कोणता रंग मिळेल?" काकांनी विचारलं.

"काळा."

"दुसरा?"

"काळाच. वरच्या मॉडेलला काळ्यावर लाल शिवण येते."

"फिकट काही? पूर्वी यायचा तसा, दुधात चहा टाकल्यासारखा?"

"बंद झाला काका. काळ्यावर डाग दिसत नाही."

"आमची खटपट डाग पडूच नये म्हणून आहे," काका म्हणाले.

मुलीला ते कळलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही रंग विचारताय. बाकीचे विचारतात, मिळेल का. सात-आठ महिने थांबावं लागेल. कारखान्यातूनच गाड्या येत नाहीत."

काका जुन्या गाड्यांच्या बाजारातही फिरले. तिथं वर्षभर वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग होती, कारण ती हजर होती. एक मिळाली अगदी मनासारखी, फिकट, कापडी. दार उघडलं तर आत सिगारेटचा असा वास की जणू मालक अजून आत बसला आहे. काकांनी दार हळूच लावलं. विक्रेता म्हणाला, "विचार करत बसू नका, संध्याकाळपर्यंत जाईल." ती दुपारीच गेली.

शेवटी काकांनी शोरूममध्ये नाव नोंदवलं आणि घरी येऊन सांगितलं.

"आठ महिने?" काकू म्हणाल्या. "तोवर नातवंडच येईल आपल्याला न्यायला."

काका दिवसाआड शोरूमला फोन करू लागले. आवाज इतका मऊ करून की काकूंना आतल्या खोलीत राग यायचा. आयुष्यभर मोठ्या माणसांशी बोललेला हा माणूस, पण "मॅडम, आमचं काही जमतंय का" असं कुणाला म्हणालेला त्यांनी ऐकला नव्हता. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. काकांची अक्कल शाबूत होती, फक्त ती तूर्त बाजूला काढून ठेवली होती.

महिनाभराने फोन उलट दिशेने आला. कुणीतरी नोंदवलेली गाडी रद्द केली होती. हजर होती. आतून काळी, चामड्यासारख्या सीटची. संध्याकाळी पाचच्या आत हो की नाही ते सांगायचं, मागे दोघं उभे आहेत.

"काळी," काका फोन ठेवून म्हणाले.

"चला बघू तरी," काकू म्हणाल्या आणि पिशवीत एक लिंबू टाकलं.

शोरूमच्या मुलीने आधी पॅकेज समजावलं. पायाखालच्या मॅट, खिडक्यांचे पडदे, सुगंधाची कुपी.

"कुपी नको," काका म्हणाले. "त्यानंच हिला मळमळतं."

"पॅकेजमध्ये आहे काका."

"मग पॅकेजमधून काढा."

"काढता येत नाही. तुम्ही घ्या आणि घरी जाऊन फेकून द्या."

काकू म्हणाल्या, "किती सोय आहे बघा. फेकायच्या वस्तूसाठीसुद्धा वेगळं जावं लागत नाही."

रद्द झालेली गाडी चालवायला मिळणार नव्हती, पण फिरवून बघण्यासाठी तशीच एक मागच्या अंगणात होती. काकांनी तिचं मागचं दार उघडलं, वरच्या कडेला हात धरला आणि किंचित वाकले. काकू आत बसल्या. पुढे काकांच्या शेजारी शोरूमची मुलगी बसली, मांडीवर फाइल घेऊन. काकांनी गाडी अशी अलगद काढली की पाण्याने भरलेला पेलाही हिंदकळला नसता.

आरशात त्यांना काकूंचा चेहरा दिसत होता. पहिल्यांदाच. आपण गाडी चालवतोय आणि मागे ती बसली आहे, हे चित्र त्यांनी इतकी वर्षं जपलं होतं. पहिल्या वळणावर चित्र जरा पिवळं पडलं. दुसऱ्या वळणावर काकूंनी डोळे मिटले. मग त्या म्हणाल्या, "थांबवा."

काकांनी गाडी कडेला घेतली. काकू फुटपाथवर उतरल्या, लिंबू नाकाशी धरून उभ्या राहिल्या. काकाही उतरले. शोरूमची मुलगी आतूनच म्हणाली, "काका, मला पाचच्या आत सांगावं लागेल हं."

"सीट बदलून घेतो मी," काका काकूंना सांगत होते. "फिकट कापड लावून घेतो. छतालासुद्धा. हवं तर काचा सगळ्या उघड्या ठेवू. हळू जाऊ. दोन दिवस लावू."

काकूंनी लिंबू नाकाशी आणखी घट्ट धरलं. काकांना एकदम जाणवलं की बाजारात फिकट रंगाची गाडी मिळाली असती तरी हेच झालं असतं. मग लेकीला काय सांगायचं? तुझी आई याही वेळी येत नाही?

"मागं काय दिसतं माहीत आहे का तुम्हाला?" काकू जरा वेळाने म्हणाल्या. "तुमचं टक्कल. आणि दोन्हीकडून झाडं पळतात. रस्ता दिसतच नाही. वळण येणार आहे हे तुम्हाला माहीत, त्या मुलीला माहीत, मला आपलं पोटात कळतं."

"मग?"

"मग काय. मला पुढं बसू द्या."

काका गोंधळलेच. "पुढं? अगं, तिथं कोण बसतं? तिथं मी जेवणाचा डबा ठेवायचो. फार तर साहेबांचा शिपाई."

"साहेब आहेत का इथं कुणी?"

"तसं नाही. पण तुला पुढं बसवायचं म्हणजे..." त्यांना शब्द सापडेना. "मी तुला शेजारी डब्यासारखं कसं नेऊ?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. नेहमीची तिरकी नजर तिथं नव्हती. "मानानं मागं बसवताय होय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि मी समजत होते, शेजारी बसलेली आवडणार नाही म्हणून."

डॉक्टरीणबाईंच्या मुलाला गाडी लागायची तेव्हा काकांनीच त्याला पुढं बसवलं होतं, समोरच्या रस्त्यावर नजर ठेव म्हणून सांगितलं होतं. पोरगं बरं झालं होतं. इतकं माहीत असूनही बायकोच्या बाबतीत ते सुचलं नाही, कारण बायको त्यांच्या मनात कधी प्रवासी नव्हतीच. ती मालकीण होती. मालकिणीची जागा मागे.

काकू पुढच्या दाराशी गेल्या आणि काचेवर टकटक केली. "बाई गं, तू जा मागं. मी डबा आहे."

मुलगी फाइल सावरत मागे जाऊन बसली आणि फोनमध्ये डोकं घालून मेसेज लिहू लागली. काकांनी गाडी सुरू केली. तेच रस्ते, तीच वळणं. काकूंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि नजर समोर. चौक आला. मग म्हणाल्या, "सायकल येतेय."

"दिसली."

"तो ट्रक थांबणार नाही."

"नाही थांबणार."

"इकडं वळायचं का आता? मोठं वळण आहे."

"मोठं आहे." काकांनी चोरून बघितलं. काकू वळणाआधीच त्या बाजूला जरा कलल्या, जणू गाडी त्याच वळवत होत्या. चेहऱ्यावर रंग होता.

दोन वेळा चक्कर मारून ते परत शोरूमकडे निघाले तेव्हा मागून बारीक आवाज आला. "काकू, तुमच्याकडे ते लिंबू आहे का?"

काकूंनी लिंबू मागे दिलं. "फोन खाली ठेव आधी. काच उघड. आणि पाचच्या आत सांगायचंय ना तुला? सांग, घेतली म्हणून."

दोन आठवड्यांनी गाडी दारात आली. आतून काळीकुट्ट. काकांनी सीटवर फिकट सुती खोळी चढवायचा विषय काढला, तर काकू म्हणाल्या, "राहू दे. मला कुठं आत बघायचंय?" सुगंधाची कुपी गल्लीच्या कचरापेटीत गेली, पॅकेजप्रमाणे.

निघायच्या दिवशी पहाटे काकांनी सवयीने मागचं दार उघडलं आणि वर हात धरून उभे राहिले. काकूंनी बाळाच्या दुपट्यांचं आणि लंगोटांचं गाठोडं मागच्या सीटवर बरोबर मध्यभागी ठेवलं. "बसा साहेब," त्या गाठोड्याला म्हणाल्या, आणि वळसा घालून पुढं गेल्या.

घाट लागला. काका दर वळणाआधी सांगत होते, "आता इकडे." दोन वळणांनंतर काकूच सांगू लागल्या. मागच्या वेळी ज्या वळणावर त्या उतरल्या होत्या ते ठिकाण आलं आणि गेलं. त्यांनी ओळखलं, बोटाने दाखवलं, आणि गाडी थांबवा म्हणाल्या नाहीत.

वर एका अवघड वळणावर काका जरा घाबरले. तिला कसं वाटतंय बघावं म्हणून त्यांची नजर आपोआप आरशात गेली. आरशात गाठोडं होतं.

"इकडं आहे मी," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी ते मुलीच्या घरी पोचले. जावयाने दार उघडलं. आतल्या खोलीत मुलगी उशीला टेकून बसली होती. तिने आईला आपल्या पायांनी उंबरा ओलांडताना पाहिलं आणि काही बोलायच्या आतच तिचा चेहरा वेडावाकडा झाला. काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ तिथंच ठेवला. मग जावयाकडे वळून त्या म्हणाल्या, "स्वयंपाकघर कुठं आहे तुमचं? मला कडकडून भूक लागली आहे."

काका अजून बाहेर गाडीपाशीच होते. गाठोडं काढायला त्यांनी मागचं दार उघडलं, आणि त्यांचा हात वर गेला.