घाटात बायकांना बसमध्येच बसवतात

अवघड जागी बस हलकी करायची म्हणून पुरुषांना उतरवतात, मग बायकांना आतच का ठेवतात? घरातली पहिली बी.ए. असूनही मला याचं उत्तर देता येत नाही.

घाटाखालच्या गावी मुलींच्या शाळेत मला नोकरी मिळत होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "आधी रस्ता बघू. तुला एकटीनं येण्यासारखा असेल तरच." म्हणून आम्ही दोघं बंगळूरहून पहाटेच्या बसनं निघालो.

हासनपर्यंत रस्ता छान आहे. तिथं पोटभर इडली खाऊन घ्या. सकलेशपूरला कॉफी मिळते, त्यापुढे काही नाही. घाट रुंद करायचं काम चालू आहे. सुरुंग उडवताना लाल निशाण दाखवून गाड्या अडवतात. तासन् तास जातात. लिंबू जवळ असू द्या.

निशाण हटलं, बस निघाली आणि एका वळणावर पुन्हा थांबली. दरीकडचा निम्मा रस्ता म्हणजे नुसता ओल्या मातीचा भराव होता. कंडक्टर ओरडला, "गंडसरेल्ला इळीरी!" सगळे पुरुष धोतरं खोचून उतरले. अण्णाही उतरले. मी उठले.

"अक्का, तुम्ही बसा. खाली चिखल आहे," कंडक्टर म्हणाला.

"बस हलकी करायची ना? आम्हाला वजन नाही का?"

खालून एकजण हसला, "आहे तर! आमच्या हिला उतरवा, निम्मी बस हलकी होईल!"

"तुमच्या पोटापुढे मी कापूस!" खिडकीतून त्याची बायको म्हणाली, पण लुगडं सावरत उतरली तीच पहिली.

"लोक बघतायत. बस आत," अण्णा दबक्या आवाजात म्हणाले. चारचौघांत त्यांचा शब्द मी कधी मोडला नव्हता. तरी एका म्हातारीचा हात धरून मी उतरले. बाकीच्या मागोमाग आल्या.

एकट्या ड्रायव्हरला घेऊन बस पुढे सरकली. मागचं चाक भरावात रुतलं, कडेची माती दरीत ओघळू लागली आणि बस त्या बाजूला कलली. कंडक्टरनं धावत जाऊन चाकामागे धोंडा लावला. इंजिन किंचाळलं, चाक जागीच फिरलं, पुन्हा फिरलं आणि बस कशीबशी पार झाली.

शाळा बघून दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो. त्या वळणावर अण्णाच उठून बायकांना म्हणाले, "इळीरम्मा, सगळ्याजणी उतरा."

घरी आईनं विचारलं, "रस्ता कसा आहे?"

"वाईट," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "मी उतरलो होतो आणि हिला आत बस म्हणालो होतो." शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं तू ठरव."

"अण्णा," मी म्हटलं, "शाळेतून निघतानाच मी होकार देऊन आलेय."