दाणा उकड्याचा की सुरयचा?

आमच्या पार्से गावच्या आरोग्य उपकेंद्रात औषधांपेक्षा किस्सेच अधिक साठतात. औषधांना निदान मुदत असते. किश्श्यांना तीही नाही! मी जुनी मॅट्रिक, रिकामी आणि शेजारीण. म्हणून लहान मुलांचे दात तपासण्याच्या दिवशी नर्स सुमनताई मला मदतीस बोलावतात.

*

तरुण दंतवैद्य डॉक्टर मीरा महिन्यातून एकदा येतात. पहिल्या खेपेस त्यांनी सुमनताईंना आणि अंगणवाडीच्या रेखाला पद्धत शिकवली. दोघींनी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसायचे. मूल मांडीवर आडवे घ्यायचे. वरचा ओठ उचलून दातांच्या मुळाशी पांढरी रेघ आहे का, ते पाहायचे. रेघ दिसली म्हणजे कीड दाराशी आली. ती आत शिरण्यापूर्वी औषधाचा लेप लावला, तर दात वाचू शकतो.

पण सरावाला मूल कुठून आणायचे? रेखाने सोललेला नारळ आणला.

"डॉक्टर, ह्येका तीन डोळे आसत. तोंड खंय?"

एका डोळ्यास तोंड मानून सराव यथासांग पार पडला. संध्याकाळी ते बालक रेखाने घरी नेऊन, वाटून बांगड्याच्या हुमणात, म्हणजे कालवणात घातले!

*

"एवढ्या लहान मुलांच्या ब्रशवर पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच घ्या," मीराबाईंनी आयांना बजावले.

एक आई उठली. "उकड्या तांदळाच्या, काय सुरयच्या?"

शहरात वाढलेल्या डॉक्टर गोंधळल्या. प्रश्न मात्र रास्त होता. उकडा जाड, सुरय बारीक! अखेर निवाडा मी दिला, "सुरय." तेव्हापासून गावात पेस्ट 'सुरयभर' घेतात.

*

दोन वर्षांच्या सोहमच्या पुढच्या दातांवर ती रेघ दिसली. त्याची आई कारखान्यात जाते. त्यामुळे त्याला आजोबा, गोपाळबाब, घेऊन येत.

"गोपाळबाब, त्याला गोड चहा देऊ नका," सुमनताई म्हणाल्या.

"छे गे बाये! चाय मियां पितंय. तेका फकत उंडो चायत बुडवन दितंय."

"मग त्या पावातला चहा कोणाच्या पोटात जातो?"

गोपाळबाबांनी बराच विचार केला. "उंड्याच्या!"

*

त्या दिवशी रेखाच्या जागी, सुमनताईंच्या गुडघ्याला गुडघा लावून मी बसले होते; लेप लावणे निकडीचे होते, आणि सोहम तोंड उघडीना. गाणे झाले, आरसा झाला, खेळण्यातला पोपट झाला. त्याचे दात अजून किती मजबूत आहेत, याचा दाखला माझ्या बोटावर उमटला.

"आज नाही लावला, तर पुढच्या महिन्यात इथं भोक दिसेल," मीराबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. गोपाळबाबांनी ते ऐकले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आदी आजो!" सोहमने फर्मावले.

गोपाळबाब टोपी काढून निमूट आडवे झाले. डोके सुमनताईंच्या मांडीवर आले, पाय माझ्या! माझी संमती कोणीच विचारली नाही. मी छताकडे पाहिले.

सोहमने सुमनताईंप्रमाणेच बोटाने आजोबांचा वरचा ओठ उचलला. इकडे पाहिले, तिकडे पाहिले. मग खालचा ओठ ओढून पाहिला.

"आज्या, दांत खंय?"

"चायत बुडले रे, बाबू."

सोहमने आजोबांचे तोंड हलकेच मिटले. त्यांना हाताला धरून उठवले, स्वतः त्या जागी आडवा झाला, आणि मीराबाई लेपाची कुपी शोधत होत्या तोवर त्याने घशापर्यंत "आ" केला.